‘अलर्ट’ कोणता हे नको, काय करायचे ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या अंकात रोज एक चौकट असते : ‘रायगडला ऑरेंज अलर्ट, रत्नागिरीला यलो अलर्ट, सिंधुदुर्गला रेड अलर्ट.’ आतल्या पानावर त्याच बातमीचा पुढचा भाग ‘प्रशासन अलर्ट मोडवर’ या मथळ्याखाली येतो. बाजूच्या रकान्यात बँकेच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची बातमी असली, तर तिथेही ग्राहकांना ‘अलर्ट राहा’ म्हटलेले असते. एकच इंग्रजी शब्द एकाच अंकात तीन ठिकाणी तीन कामे करतो. त्यातले सर्वांत मोलाचे काम म्हणजे दर्यावर जाणाऱ्या आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला वेळेवर सावध करणे. ते काम मात्र हा शब्द नीट करत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, पण छापताना काटछाट करू नये अशी विनंती.

मी बंदर खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हर्णैलाच राहिलो. वादळाचा संदेश आला की नोंदवहीत वेळ घालून तो उतरवणे, डोलकाठीवर बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, चढवणे, मच्छीमार सोसायटीला आणि किनाऱ्यावरच्या नाखव्यांना, म्हणजे होडीवाल्यांना, निरोप देणे हे माझे काम होते. त्यामुळे इशाऱ्याच्या शब्दांकडे मी वाङ्मय म्हणून बघत नाही. शब्द ऐकल्यावर माणूस नांगर टाकतो की उचलतो, एवढ्यावरूनच मी त्या शब्दाची किंमत करतो.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना हातात वर्तमानपत्र असलेला माणूस दिसला, की लोक त्याला आधी हवामान विचारतात. मला तर हटकून विचारतात. गेल्या हंगामात एका तरुण तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याने, विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, ‘‘काका, यलो म्हणजे जायाचा का नाय?’’ मी चौकट पुन्हा वाचली. त्या चौकटीत त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. रंग होता, जिल्ह्याचे नाव होते आणि ‘अलर्ट’ होता. त्या मुलाने नीट शब्दांत नेमके तेच विचारले होते, जे कुठल्याही इशाऱ्याने सांगायला हवे.

आता हवामान खाते स्वतः काय म्हणते ते पाहू. भारतीय हवामान विभागाच्या जिल्हावार पावसाच्या नकाशाखाली चार रंगांची पट्टी असते आणि प्रत्येक रंगापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : त्या पायरीचे नाव आणि आपण काय करायचे. हिरव्यापुढे लिहिलेले असते, इशारा नाही, काही करायची गरज नाही. पिवळ्याचे नाव आहे ‘वॉच’, म्हणजे माहिती घेत राहा. केशरीचे नाव ‘अलर्ट’, म्हणजे तयारीत राहा. लालचे नाव ‘वॉर्निंग’, म्हणजे आता कृती करा. थोडक्यात, ‘अलर्ट’ ही फक्त केशरी रंगाची पायरी आहे. खात्याच्या पट्टीत ‘यलो अलर्ट’ नाही आणि ‘रेड अलर्ट’ही नाही. पिवळा हा वॉच आहे आणि लाल ही वॉर्निंग. आपण सगळ्यांनी, म्हणजे वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी आणि तालुक्याच्या कार्यालयांतून फिरणाऱ्या संदेशांनी, यातली दोन नावे गाळून टाकली आणि मधलेच एक तिन्ही रंगांना लावले.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. ही तीन नावे म्हणजे एका शिडीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर माणसाने कान उघडे ठेवायचे, दुसरीवर हाताशी सामान गोळा करायचे, तिसरीवर जागा सोडायची. तिन्हींना एकच नाव दिले, की पायऱ्यांमधला फरक उरतो फक्त रंगात. रंग हा तर कानाने ऐकून समजायचा प्रकार नव्हे. रेडिओवर, फोनवर, वाऱ्यात ओरडून सांगताना रंगाचे नाव मागे पडते आणि ‘अलर्ट’ तेवढे ऐकू जाते. जून ते सप्टेंबर रत्नागिरी जिल्ह्यात पिवळा रंग इतक्या वेळा येतो, की ‘अलर्ट आहे’ हे वाक्य लोक ‘पाऊस आहे’ या अर्थानेच घेऊ लागले आहेत. मग ज्या दिवशी लाल येतो, त्या दिवशीही घरातली आजी म्हणते, अलर्ट तर रोजच असतो. शाळकरी मुलांपुरता अलर्टचा अर्थ ‘उद्या सुट्टी का?’ एवढाच राहिला आहे. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना शब्दामागची कृती कोणी सांगितलेलीच नाही.

गोंधळ इथेच संपत नाही. चक्रीवादळासाठी हवामान खात्याची पत्रके वेगळी निघतात आणि त्यांच्या पायऱ्याही वेगळ्या आहेत. साधारण ७२ तास आधी ‘प्री-सायक्लोन वॉच’, किमान ४८ तास आधी ‘सायक्लोन अलर्ट’, किमान २४ तास आधी ‘सायक्लोन वॉर्निंग’, आणि वादळ किनारा ओलांडण्याच्या सुमारे १२ तास आधी, वादळ आत शिरल्यावर काय होईल ते सांगणारे शेवटचे पत्रक. २००६ सालापासून या पत्रकांनाही रंग आहेत, पण ते एक घर सरकलेले आहेत. इथे ‘अलर्ट’ पिवळा आहे, ‘वॉर्निंग’ केशरी आहे आणि लाल रंग शेवटच्या पत्रकाला आहे. त्सुनामीचे इशारे देणारे केंद्र हैदराबादला ‘इन्कॉइस’ या संस्थेत २००७ पासून आहे. तिथली रीत पुन्हा पावसासारखी : वॉच पिवळा, अलर्ट केशरी, वॉर्निंग लाल. लाल असला तर किनारा सोडून आत जायचे, केशरी असला तर किनाऱ्यावर आणि सखल भागात फिरकायचे नाही.

हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते आणि तीच मला आपल्यापुढे ठेवायची आहे. रंग बदलतात, पण शब्दांचा क्रम कुठेही बदलत नाही. पाऊस असो, चक्रीवादळ असो, त्सुनामी असो, आधी वॉच, मग अलर्ट, मग वॉर्निंग. विश्वास ठेवण्यासारखा भाग शब्दांचा होता. तो आपण टाकला आणि जो जागोजागी सरकतो तो रंग धरून बसलो.

शब्दांचा हा क्रम इंग्रजीत उगाच ठरलेला नाही. ‘वॉच’ हा शब्द ‘जागे राहणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आला आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी बोटीवर नोकरी केलेली आहे. दापोली, खेड, चिपळूण इथल्या म्हाताऱ्या खलाशांना विचारा, ते चार तासांचा ‘वॉच’ कसा करत ते सांगतील. त्या चार तासांत करायचे काय, तर डोळे उघडे ठेवून समोर बघत राहायचे. पिवळ्या रंगाचा अर्थ तंतोतंत तेवढाच आहे.

‘अलर्ट’ इटालियनमधून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. मूळ बोल ‘आल एर्ता’. एर्ता म्हणजे चढ, उंच जागा, टेहळणीची जागा. पहारेकऱ्यांना दिलेली ती हाक होती : उंचावर चला, नजर ठेवा! हर्णैत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गाच्या उंचवट्यावर आज दीपगृह आहे. इथे उंचावर माणूस ठेवल्याशिवाय कोणाचेच चालले नाही, किल्लेदाराचे नाही आणि मच्छीमाराचेही नाही. आपल्या जुन्या मराठीत याच अर्थाने ‘हुशार’ हा शब्द होता. ‘हुशार राहा’ म्हणजे सावध राहा, पहाऱ्यावर आहेस हे विसरू नकोस. पुढे तो शब्द शाळेत गेला आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला चिकटला. नाहीतर आज मला ‘अलर्ट’साठी दुसरा शब्द शोधावा लागला नसता.

इंग्रजीत ‘अलर्ट’ आधी माणसाचा गुण आहे. माणूस अलर्ट असतो. माझी सून परिचारिका आहे. अत्यवस्थ रुग्ण आला की त्याच्या कागदावर चार इंग्रजी अक्षरांपैकी एक लिहायचे असते, ए, व्ही, पी किंवा यू. ‘ए’ म्हणजे अलर्ट : रुग्ण पूर्ण जागा आहे, डोळे उघडे आहेत, आपणहून उत्तरे देतो आहे. ‘व्ही’ म्हणजे हाक मारल्यावर, ‘पी’ म्हणजे चिमटा काढल्यावर प्रतिसाद देतो, आणि ‘यू’ म्हणजे कशालाच देत नाही. तिच्या कामात या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. तो कोणी ढिला वापरला तर रुग्णाला धोका होईल, म्हणून कोणी तसा वापरत नाही. इंग्रजीत पुढे तो नाम झाला, ‘अलर्ट’ म्हणजे सूचना. क्रियापदही झाला, एखाद्याला अलर्ट करणे. तिन्ही रूपांत एक धागा टिकतो : कोणीतरी एक माणूस जागा झाला पाहिजे.

मराठीत आपण तो शब्द घेतला आणि त्याच्याभोवती जी क्रियापदे जमवली, ती बघा. अलर्ट येतो, अलर्ट असतो, अलर्ट जारी होतो, अलर्ट दिला जातो, अलर्ट मागे घेतला जातो. या सगळ्यांत माणूस कुठेच नाही. बँकेतून पाच रुपये कापले गेल्याचा संदेश आला तरी तो ‘अलर्ट’, आणि दरड कोसळेल म्हणून घर सोडा असे सांगायचे असले तरी तोही ‘अलर्ट’. ‘प्रशासन अलर्ट मोडवर’ या मथळ्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. त्या तीन शब्दांच्या जागेत तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी छापता आला असता. निवाऱ्यासाठी कोणती शाळा उघडली आहे ते लिहिता आले असते. प्रशासन जागे आहे हे वाचून वाचकाने करायचे काय?

मी शुद्ध मराठीच्या आग्रहाने हे लिहीत नाही, हेही सांगतो. बंदर हा शब्द फारसी आहे. इंजिन, डिझेल, वायरलेस, लाइफ जॅकेट, जीपीएस हे शब्द आमच्या होड्यांवर रोज वापरात आहेत आणि त्यांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही, कारण त्या शब्दाला एक वस्तू आहे आणि त्या वस्तूला तो शब्द आहे. उद्या कोणी ‘अलर्ट’ला संस्कृत प्रतिशब्द तयार करून पिवळा, केशरी, लाल तिन्हींना लावला, तर मी त्याच्याही विरुद्ध हेच पत्र लिहीन.

बावट्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आता ही माहिती असलेली माणसे कमी होत चालली आहेत. जहाजांना वादळाचा इशारा देण्यासाठी डोलकाठीवर शंकू आणि ढोलाच्या आकाराच्या खुणा चढवायची पद्धत ब्रिटनमध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ साली सुरू केली. आपल्याकडे १८६४ च्या ऑक्टोबरात कोलकात्याला भयंकर चक्रीवादळ झाले. त्यानंतर १८६५ पासून त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था आली. हवामान विभाग स्थापन झाला तो त्याच्याही नंतर, १८७५ साली. म्हणजे आपल्या देशात आधी बावटा आला आणि मग हवामान खाते.

आजही बंदरांसाठी एकूण अकरा संकेत आहेत. दिवसा काळ्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. वर्तमानपत्रात ‘बंदरात ३ नंबरचा बावटा’ अशी ओळ येते, ती यातलीच. प्रत्येक आकडा म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे. १ आणि २ हे दूरचे : समुद्रात लांबवर काहीतरी तयार झाले आहे, बंदर सोडून जाणाऱ्या जहाजांनी जपावे. ३ आणि ४ स्थानिक. ३ म्हणजे या बंदरालाच जोराच्या सोसाट्याचा धोका आहे. ४ म्हणजे बंदराला वादळाचा धोका आहे, पण टोकाचे उपाय करावेत एवढा तो अजून वाढलेला नाही. ५, ६ आणि ७ धोक्याचे. त्यांतल्या आकड्यावरून वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणार, उजवीकडे ठेवून जाणार की बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार ते कळते. ८, ९, १० मोठ्या धोक्याचे, त्याच क्रमाने, पण तीव्र वादळासाठी. लहान होड्यांची ये-जा असलेल्या बंदरांसाठी याची छोटी आवृत्ती आहे, तिच्यात ३, ४, ७, १० आणि ११ एवढेच पाच संकेत ठेवलेले आहेत. ज्याने ही व्यवस्था बसवली त्याने लहान होडीवाल्याचा विचार केला होता. त्याला अकरा प्रकार लक्षात ठेवायला लावले नाहीत, पण जे पाच दिले त्यांचा अर्थ पक्का दिला.

आणि ११. हा आकडा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. ११ नंबरचा अर्थ : वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते हवामान बिघडण्याचा धोका आहे. बातमी येत नाही, हीच बातमी. संदेश आला नाही म्हणून सगळे ठीक आहे असे कोणी समजू नये, यासाठी वेगळा संकेत दीडशे वर्षांच्या या परंपरेने ठेवला. फोनवरच्या अलर्टमध्ये असे काही नाही. फोन गप्प असला, की माणूस निश्चिंत होतो.

फोन गप्प होणे म्हणजे काय ते आम्ही ३ जून २०२० ला पाहिले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. दापोली तालुक्यात मुरुड, आंजर्ले, केळशी या गावांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब वाकले, टॉवर बंद पडले, आणि कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात आणि संपर्काबाहेर होती. त्या वेळी इशारे वेळेवर आले होते, माणसे हलवली गेली होती, म्हणून पुष्कळ जीव वाचले. हवामान खात्याचे हे ऋण मी मनापासून मानतो. माझी तक्रार त्या खात्याबद्दल नाही. त्यांनी काळजीपूर्वक तीन शब्द दिले आहेत. ते तिन्ही आमच्यापर्यंत पोचावेत, एवढेच माझे मागणे आहे.

आता त्या तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर. यलो म्हणजे जायचे की नाही? खरे उत्तर असे, की जिल्ह्याच्या त्या रंगाचा दर्याशी थेट संबंधच नाही. जिल्ह्याचे रंग पाऊस, वीज, जमिनीवरचा वारा यांच्यासाठी असतात. मच्छीमारांसाठी हवामान खाते वेगळी सूचना काढते, त्यात वाऱ्याचा वेग असतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनच ६५ पर्यंत, समुद्रात जाऊ नये, असे ते वाक्य असते. उंच लाटांचा आणि लांबून येणाऱ्या उधाणाचा इशारा ‘इन्कॉइस’ देते, तो आणखी वेगळा. त्यामुळे जिल्हा हिरवा आणि दर्या खवळलेला, असे सहज होऊ शकते. लांब अरबी समुद्रात काही घडत असते, इकडे ऊन पडलेले असते आणि किनाऱ्यावर लाटा मात्र पार वाळवंट ओलांडून येतात. उलट पिवळा रंग नुसत्या पावसाचा असेल, तर होडी नेणाऱ्याला त्यात वावगे काहीच नसेल. पाण्याला मच्छीमार कधी घाबरत नाही, त्याला वारा लागतो सांगायला.

वर्तमानपत्रात मच्छीमारांची सूचना आलीच, तर ती अलर्टच्या बातमीच्या शेपटीला, शेवटच्या परिच्छेदात येते आणि जागा कमी पडली की सर्वांत आधी तीच कापली जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले. पावसाळा संपलेला, हंगाम जोरात, होड्या बाहेर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मच्छीमारांनी त्यात आपली माणसे गमावली. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या बायका ज्याने पाहिल्या, त्याला मच्छीमारांच्या सूचनेची ओळ कापवणार नाही. हर्णैचे बंदर उघडे आहे. वारा सुटला की होड्यांना आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर दाभोळला पळावे लागते. त्या पळण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ ‘वॉच’ आणि ‘अलर्ट’ या दोन शब्दांच्या मध्ये असतो. म्हणून मला तो फरक एवढा महत्त्वाचा वाटतो.

जमिनीवरच्या लोकांसाठीही हेच. हवामान खात्याच्या भाषेत एका दिवसात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्यावर अत्यंत मुसळधार. दिवस मोजायचा तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. कोकणात ६५ मिलिमीटर पडला तर गुरे सोडायची वेळही कोणी बदलत नाही, पण तोच पाऊस भिजून फुगलेल्या डोंगरावर रात्रीतून पडला तर गोष्ट निराळी. रंग ठरवताना पाऊस किती होईल याबरोबर तो होण्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान काय होईल हेही पाहिले जाते. हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसते. त्यांना रंग म्हणजे पावसाचे माप वाटते. शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याला एकच, मंडणगडपासून राजापूरपर्यंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला. या दोन्ही ठिकाणी माणसाने करायचे होते ते काम एक नव्हते. पेठेतल्या दुकानदाराने माल वर चढवायचा होता, वाडीतल्या माणसाने घर सोडून निघायचे होते. ‘रेड अलर्ट’ या दोन शब्दांनी या दोघांना वेगवेगळे काय सांगितले?

आपण काय करावे, हेही लिहितो. चौकटीत रंगाचे नाव राहू द्या, लोकांना ते सवयीचे झाले आहे. त्याच्यापुढे ‘अलर्ट’ऐवजी खात्याने सांगितलेली कृती छापा. पिवळा : लक्ष ठेवा. केशरी : तयारीत राहा. लाल : आता हला. एवढ्या शब्दांना जागा जास्त लागत नाही आणि कुठल्याही गावातल्या म्हातारीला ते वाचून दाखवता येतात. सूचना किती वाजता निघाली तेही टाका. आपला अंक रात्री छापला जातो, कुलाब्याचे प्रादेशिक हवामान केंद्र त्यानंतरही अंदाज सुधारते, आणि सकाळी चहाबरोबर आम्ही वाचतो तो रंग आदल्या दुपारचा असतो. वेळ छापली की वाचक आपणहून ताजी सूचना बघेल.

मच्छीमारांची सूचना मात्र पावसाच्या चौकटीबाहेर, स्वतंत्र, रोज एकाच जागी हवी, मग त्या दिवशी काही विशेष असो वा नसो. वाऱ्याचा वेग, दिशा, लाटांची उंची, कुठून कुठपर्यंतच्या किनाऱ्यासाठी आणि केव्हापर्यंत. काही नसेल तर ‘इशारा नाही’ असे छापा, म्हणजे सूचना यायची राहिली की खरोखरच नव्हती असा संशय राहणार नाही. बावटा लागला असेल तर आकड्यापुढे त्याचा अर्थ एका ओळीत द्या. ‘३ नंबरचा बावटा’ वाचून आज निम्म्या तरुण खलाशांना त्याचा अर्थ सांगता येत नाही, आणि त्यांना तो सांगितला जाण्याची दुसरी जागा उरलेली नाही. ‘अलर्ट’ हा शब्द आपण चक्रीवादळाच्या आणि त्सुनामीच्या बातमीत जरूर वापरा, पण त्या पत्रकातली पायरी खरोखर ‘अलर्ट’ची असेल तेव्हाच. ‘वॉच’ असेल तर ‘वॉच’ लिहा, ‘वॉर्निंग’ असेल तर ‘वॉर्निंग’. लोक शिकतील. करोनाच्या वर्षात ‘क्वारंटाइन’ आणि ‘कंटेन्मेंट झोन’ यांतला फरक गावागावातले लोक महिनाभरात शिकले होते, कारण त्यावर घराबाहेर पडता येते की नाही हे ठरत होते.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. शाकारलेल्या होड्यांवरचे झाप काढायला आता सुरुवात होईल, रंगकाम आणि जाळ्यांची डागडुजी चालू आहे. नारळी पौर्णिमेच्या मागेपुढे वारा अजून बसलेला नसतो आणि पहिली मासळी आणायची घाई मात्र सगळ्यांना असते. हे दिवस सर्वांत जोखमीचे. त्याआधीच्या एखाद्या रविवारच्या अंकात पाच बावट्यांचे अर्थ आणि तीन पायऱ्यांची ही पट्टी चौकोनात छापलीत, तर ती कापून होडीच्या केबिनमध्ये चिकटवायचे काम मी करून घेईन. सोसायटीच्या फळ्यावरही लावतो. मजकूर तपासायला काही मदत लागल्यास कळवावे, जुन्या नोंदवह्यांवरून उतरवून घेतलेले कागद माझ्याकडे आहेत.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बंदर कर्मचारी
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी